आहेराच्या तांदळाची खीर

अंजनावहिनी जेवायला बसली की आम्ही घरचे आपलं ताट विसरून तिच्याकडे पाहत बसतो. दुसऱ्यांदा भात मागताना तिचा आवाज खाली येत नाही. "जिले खाता येत नाही, तिले रांधता काय येन?" असं तिचं म्हणणं. मी तिचा धाकटा दीर. वीस वर्षं तिच्या हातचं फुकट खातोय, तेव्हा माझ्या साक्षीला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

कुणाच्याही लग्नात जेवून उठली की निकाल तिथंच. "वांगं चांगलं होतं, पण लसूण जाळला." यापायी दोन घरांनी आम्हाला बोलावणं सोडलं.

दहा वर्षं ती सौंदडहून सकाळच्या गाडीने गोंदियाला जायची आणि तिथल्या एका मेसमध्ये रांधायची. मालकाला तिची चव हवी होती, मसाल्याचा खर्च नको होता. एक दिवस त्याने तेलाचा डबा कुलपात ठेवला. वहिनीने झारा खाली ठेवला. "आता मी माह्या नावानं रांधीन." मालक हसला, "चार दिन में वापस आओगी." घरी आल्यावर तिने हे सांगितलं तेव्हा भोजराजदादा, म्हणजे तिचा नवरा, तसाच उठला आणि लग्नाची भांडी भाड्याने देणाऱ्या बिछायतवाल्याकडून तीन मोठे गंज घेऊन आला. माझा भाऊ तसा मुका नाही, पण त्या दिवशी त्याचं तेच बोलणं होतं.

आधी वाढदिवस, बारसं, पन्नास-साठ पानं. मग दुलीचंदभाऊ आले. मेसमध्ये त्यांनी वहिनीच्या हातचं वांगं खाल्लेलं. मुलीचं, दुर्गेश्वरीचं लग्न, चारशे माणूस. हे साधलं तर पंचक्रोशीत नाव, बिघडलं तर त्या मालकाचं हसू खरं.

त्यांचे थोरले बंधू ईश्वरदास मात्र राजी नव्हते. आम्ही बौद्ध. आमच्या घरची बाई त्यांच्या मांडवात रांधणार, हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. तोंडाने हे कारण सांगितलं नाही. आदल्या दिवशी वहिनीने मांडवात चहा केला, तर "मी आत्ताच घेतला" एवढंच म्हणाले. हा 'आत्ताच' आम्ही लहानपणापासून ओळखतो. मला राग आला होता, तो अजून आहे.

आमच्याकडे लग्नाला येणारा पाहुणा आहेरात तांदूळही आणतो. कुणी डब्यात, कुणी टोपलीत, कुणी फडक्यात बांधून. ईश्वरदासांनी आदल्या संध्याकाळपर्यंत आलेला सगळा तांदूळ एकाच ड्रममध्ये ओतायला लावला. कुणाचा शिजला आणि कुणाचा राहिला असं होऊ नये, सगळ्यांचा मान सारखा. विचार चांगला, पण तांदळाला मानपान कळत नाही.

वहिनीने चार दाणे दाताखाली चावून पाहिले. "याच्यात नवा बी आहे, जुना बी आहे. एका गंजात सिजणार नाही जी."

"आमच्या घरी असाच सिजते," ईश्वरदास म्हणाले.

आणि जेवणाच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा वहिनी गप्प बसली.

सकाळी नऊला पहिल्या गंजाचं झाकण काढलं. नव्या तांदळाचा लगदा, त्यात जुना तांदूळ कच्चा, दाताखाली कचकचणारा. वरात बाराला. ईश्वरदासांनी वाकून पाहिलं आणि भावाला म्हणाले, "म्या सांगतलं होतं, दुसरा रांधणारा पाहा म्हून." दुलीचंदभाऊंचा चेहरा उतरला. मला खरं सांगायचं तर रडू आलं.

वहिनी पालथ्या बादलीवर क्षणभर बसली. मग पदर खोचून उठली.

"दुलीचंदभाऊ, तुमच्या घरचा मांगच्या सालचा तांदूळ आहे?"

"दोन पोते आहेत."

"तेच काढा. भात त्याचाच होईन."

"आन आहेराचा?" ईश्वरदास म्हणाले. "पाहुणे इचारतीन."

"आहेराचाबी वाढीन. काल बोलाले पायजे होतं, ते मी बोलली नाही. आज बोलून राहिली. मांडव तुमचा, चूल माही."

चहासाठी आणलेलं सगळं दूध तिने त्या बिघडलेल्या भातावर ओतलं. पुरेना, म्हणून मी आणि दादा सायकलींना कॅन लावून गावभर दूध गोळा करत फिरलो. लगद्याने खीर दाट झाली, कच्चा दाणा दुधात मऊ होत गेला. वहिनी घोटत होती, घाम पुसायलाही थांबत नव्हती. मी मदत म्हणून गुळाची ढेप उचलली, तर खेकसली, "कायले घाई करून राहिले भाऊजी? दूध नासवाचं आहे काय?" गूळ वेगळा विरघळवून, गाळून, खीर उतरवल्यावर तिने घातला. वेलची कुटली, खोबरं पसरलं.

वरात आली, पंगत बसली. खीर वाढायच्या आधी वहिनी हातात ओगराळं घेऊन मधोमध उभी राहिली.

"आयका जी. सकाळी माह्या हातून भात बिघडला. त्याची खीर केली. तुमी सगळ्याईनं आणलेला तांदूळ याच्यातच आहे."

ईश्वरदासांनी डोळे मिटले. मग शेवटी बसलेल्या रुख्माबाई, ज्यांनी फडक्यात दोन शेर तांदूळ आणला होता, त्यांनी विचारलं, "माहाबी आहे काय, बाई?"

"आहे, मावशी."

"मंग मले दोन वाट्या दे."

पंगत हसली आणि हात चालू लागले.

शेवटच्या पंगतीला ईश्वरदास बसले. वहिनीने स्वतः वाढलं. आम्ही सगळे काहीतरी कामात असल्यासारखे पाहत होतो. ते 'आत्ताच' म्हणाले नाहीत. भात जेवले, खीर खाल्ली, वाटी बोटाने पुसली आणि पुन्हा पुढे केली.

"भात जरा चिकट झाला," ते म्हणाले.

"पाणी जास्त पडलं," वहिनी म्हणाली. "मलेबी समजलं."

"माह्या नातवाचं, टिंकूचं लग्न वैशाखात आहे. तव्हा पाणी बरोबर टाकजो."

वहिनीने मान हलवली. मग आपलं ताट वाढून घेतलं आणि बसायला जागा शोधू लागली. ईश्वरदासांनी थोडं सरकून शेजारी जागा केली.