गोलची जाड रेघ

माझ्या पोटात काही राहत नाही, असं माझी बायको चारचौघांत सांगते. मी हसतो. एक गोष्ट पाच वर्षं राहिलीय. तिला माहीत नाही, पाड्यातल्या कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका — मलाच नीट कळत नाही.

मी झरीचा. अच्छाडला हायवेवर माझं पंक्चरचं दुकान आहे. फुटबॉल मला येत नाही. शाळेत एकदा खेळलो आणि आपल्याच गोलमध्ये मारला, तेवढंच. पण आमच्या पाड्याचा संघ म्हटलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. रविवारी दुकान बंद म्हणजे बंद, गिऱ्हाईक बोंबललं तरी. माझी जागा ठरलेली — आमच्या गोलच्या मागे. हातात पाण्याचा कॅन, तोंडात शिव्या. रेफ्रीला, समोरच्यांना, आणि आपल्यांना सगळ्यात जास्त.

तिथून मला विलासची पाठ दिसायची. विलास आमचा गोलकीपर, माझ्या शेजारच्या घरातला. बोर्डीच्या वाड्यांतून चिकूचा टेम्पो चालवायचा. वरून आलेला बॉल तो असा घ्यायचा, जसा झाडावरचा पिकलेला चिकू अलगद उतरवावा.

त्या वर्षी साखळी सामने संपले आणि आम्ही पहिल्यांदा वरच्या चारांत आलो. पोरं त्याला प्लेऑफ म्हणायची. मी तो शब्द दिवसातून पन्नास वेळा उच्चारायचो, पंक्चर काढता काढता ट्रकवाल्यांनाही सांगायचो. त्यांना काय घेणंदेणं? पण ज्या पाड्याचं नाव कधी कुणी घेतलं नाही, त्याला वरचे चार म्हणजे काय — कळतंय ना तुम्हाला?

सेमी आमच्याच मैदानावर होती, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात. मैदान आखायचं काम माझं. आणि मला गोलची रेघ जाड हवी होती. मागच्या सामन्यात विलासने बॉल रेघेवरच अडवला होता, पण रेघ पुसट, रेफ्रीने गोल देऊन टाकला. तो राग माझ्या डोक्यात बसला होता.

सकाळी बाजूच्या रेघा मारता मारताच फक्की संपत आली — मैदान आखायची ती पांढरी पूड. फक्कीवाल्याचं दुकान उघडेपर्यंत थांबायचं ना? पण धीर कुणाला! घरात भिंतींना लावायला आणलेला कळीचा चुना होता, न विझवलेला. खडे कुटले आणि गोलची रेघ त्याने मारली. चार बोटं जाड.

माहीत नव्हतं असं नाही. कळीच्या चुन्याजवळ जाऊ नको, डोळा जाईल, असं आई लहानपणी ओरडायची. कुटताना मी स्वतः तोंडाला फडकं बांधलं होतं. गवत दवाने ओलं होतं, त्या रेघेतून वाफ निघाली, ती मी पाहिली. मग काय केलं? उरलेली मूठभर फक्की वरून भुरभुरवली.

हेच ते — नाही, थांबा. एवढ्यावर थांबलं असतं तर चूक तरी म्हणता आली असती.

दुसऱ्या हाफमध्ये आम्ही एका गोलने पुढे होतो. वीसेक मिनिटं उरली असतील. समोरचा फॉरवर्ड एकटाच आत घुसला आणि विलास त्याच्या पायात झेपावला. बॉल छातीशी, तोंड थेट रेघेवर. उठला तेव्हा एक डोळा उघडत नव्हता.

"काका, जळतंय," तो म्हणाला.

माझ्या हातात पाण्याचा भरलेला कॅन होता.

रेफ्री धावत आला, डोळ्यात काय गेलं विचारू लागला. मैदान धड नाही, सामना बोर्डीला घ्या, अशी समोरच्यांची कुरकुर आधीपासून चालू होती. चुना म्हटलं असतं तर सामना थांबला असता, आमचा गोल वाया गेला असता. बरं, दुसरा गोलकीपर उतरवावा तर त्याच्या हातून साधा बॉलसुद्धा सुटायचा. हे सगळं मी एका श्वासात जोखलं. एवढं भरभर माझं डोकं आयुष्यात कधी चाललं नाही.

"माती आहे," मी म्हणालो. "चोळू नको. खेळ."

ओल्या फडक्याने वरवर पुसलं. त्याने मान हलवली आणि जाऊन उभा राहिला. एका डोळ्याने त्याने आणखी दोन बॉल अडवले. शाब्बास रे वाघा — मीच ओरडत होतो मागून. आम्ही जिंकलो. मी नाचलोसुद्धा.

मग बाईकवर बसवून त्याला डहाणूला नेलं. त्याची बायको सुनीता मागून जीपने आली. डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली. हे मातीचं वाटत नाही, म्हणाले. चुना, ॲसिड, असं काही गेलं का? विलास म्हणाला, काका तिथेच होते, त्यांना विचारा. आता सामना तर जिंकला होता. आता माझं काय अडलं होतं? फायनल बाकी होती, तक्रार झाली असती तर निकाल फिरला असता, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत राहिलो. खोटं. दारात सुनीता उभी होती. तिच्यासमोर माझी जीभ वळली नाही.

"मातीच," मी म्हणालो.

पुढे वलसाडला नेलं. काहीतरी जळणारं गेलंय, लगेच भरपूर पाण्याने धुतला असता तर डोळा वाचला असता, असं तिथे म्हणाले. खाचरात टाकलेलं खत असेल, असं विलासच म्हणाला. मी हो म्हटलं. त्याच्याशिवाय आम्ही फायनल तीन गोलने हरलो.

त्याचा टेम्पो गेला. आता बोर्डीच्या एका वाडीत खाली बसून चिकू निवडतो. रविवारी माझ्याबरोबर गोलच्या मागे असतो. सुनीता दोघांसाठी तांदळाच्या भाकऱ्या बांधून देते. त्या दिवशी तुम्ही देवासारखे धावलात, काका, असं ती अजून म्हणते. मी ती भाकरी खातो. कुणी फसवलं की लोक म्हणतात ना, चुना लावला? दुकानात कुणी तसं बोललं की मी उठून बाहेर जातो.

यंदा आम्ही पुन्हा वरच्या चारांत आहोत. आज दुपारी सेमी, त्याच खाचरात. विलासला खात्री आहे, या वर्षी कप आपलाच. परवा मुद्दाम दुकानात आला.

"काका, गोलची रेघ जाड मारा हां," म्हणाला. "पुसट असली की बॉल आत गेला की बाहेर, मला एका डोळ्याने समजत नाही."

मारतो, म्हणालो. सकाळी मारून आलो, फक्कीने, चार बोटं जाड. दोरीचं दुसरं टोक त्यानेच धरलं होतं.