टीबी निघू दे, हाच नवस

२०२४ चा उन्हाळा, वैशाख नुकताच लागला होता. बीडच्या एका दवाखान्यात छातीच्या वॉर्डात मी वीस दिवस होतो. तिथले किस्से छातीतल्या पाण्यासारखे साचतात. बाहेर काढल्याशिवाय बरं वाटत नाही.

माझ्याही छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, टीबी असेल तर सहा महिने गोळ्या, कॅन्सर असेल तर पुढचं पुढं. वॉर्डात सहा खाटा, सहा गडी, आणि सगळ्यांचा नवस एकच. टीबीच निघू दे!

*

हे कळणार कसं, मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शरीरातल्या राखणदार पेशी टीबीच्या जंतूशी भिडल्या की एक एन्झाइम वाढतं. ते पाण्यात मोजतात. जास्त आलं तर बहुतेक टीबी. कमी आलं तर कॅन्सरचा संशय, मग आतला तुकडा काढून बघायचा.

मी जन्मभर मेंढरं राखली. म्हणालो, "म्हंजे कुत्री भुंकली तर लांडगा. गप राहिली तर चोर वळखीचा."

दुसऱ्या दिवशी बाई शिकाऊ डॉक्टरांना हेच शिकवत होत्या. माझं नाव न घेता.

*

शेजारी गंगाराम, शिरूर कासारचा ऊसतोडीचा गडी. पाणी काढायच्या आधी तीन दिवस तो पायाचं सूप प्यायला, नंबर वाढावा म्हणून. बाई म्हणाल्या, त्यानं काही होत नाही.

"मॅडम, आमचा ऊस काट्यावर जातो. आजवर कमी भरू दिला न्हाई."

नंबर आला बहात्तर, म्हणजे टीबीच. आता त्याला कोण समजावणार?

*

त्याच्या बायकोनं वॉर्डभर पेढे वाटले. तेवढ्यात त्याचा मेहुणा आला. आधी त्याला वाटलं, दाजी बरे झाले. खरं कळल्यावर भडकला. टीबीचे कुणी पेढे वाटतं का, लोक काय म्हणतील?

बायकोनं पुडा त्याच्याच हातात दिला. "लोकांना दोन-दोन दे."

*

समोरच्या खाटेवर शिवलिंगअप्पा, किराणा दुकानदार. चाळीसच्या वर गेलं की टीबी धरतात. अप्पाचा नंबर अडतीस. तो बाईंशी घासाघीस करू लागला, दोनासाठी कशाला अडता, चाळीस लिहून टाका. बाई म्हणाल्या, उद्या तुकडा काढू. अप्पानं पिशवी भरली. पाठीत परत सुई नको, मरायचं तर घरी मरू.

माझा रिपोर्ट आदल्या दिवशीच टीबीचा आला होता. माझं पाणी काढलं तेव्हा पोरगा मेंढरांमागं होता. टेबलावर वाकून बसायचं, हलायचं नाही. न विचारता अप्पा समोर येऊन बसला आणि त्यानं माझे दोन्ही हात धरून ठेवले. मी कुणाचं देणं ठेवत नाही.

म्हणून त्याची पिशवी उचलून मी माझ्या खाटेखाली सारली.

"पिशवी दे बे."

"उद्या. तुकडा काढल्यावर."

"तू कोण मला आडवणारा?"

"मेंढपाळ. पळालेलं जनावर मागं आणतो. दुसरं काय येत न्हाई मला."

अर्धा तास त्यानं मला शिव्या दिल्या. मी सगळ्या ऐकल्या.

सकाळी तो टेबलावर वाकला. मी समोर बसून त्याचे हात धरले. सुई गेली, तशी त्याची नखं माझ्या मनगटात रुतली. बाई म्हणाल्या, झालं.

मी हात सोडले आणि पिशवी त्याच्या खाटेवर ठेवली.