चाफ्याचा चीक

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी मागच्या गल्लीतल्या चाफ्याखाली उभा होतो. हातात चार फुलं होती, पाचव्यासाठी फांदी खाली ओढली होती. "घरी या, आबा उठत नाहीत," एवढंच बायको म्हणाली. फांदी सोडून दिली आणि परत फिरलो. त्याला आज सदतीस दिवस झाले.

आबा म्हणजे माझे आजोबा. वय एक्याण्णव. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे मला आबांनीच वाढवलं. तेविसाव्या वर्षी त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पुढच्या वर्षी भंडाऱ्याहून पुण्याला आले आणि खडकीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. विश्रांतवाडीत घर बांधलं तेव्हा पुढे सतरा फूट बाय अकरा फूट जागा मोकळी ठेवली. भिंतीकडेने अबोली, गवती चहा, कढीपत्ता आणि फाटकापासून आठ फुटांवर देवचाफा. त्याची फांदी त्यांनी गावाहून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली होती. ते झाड माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं होतं. रोज पहाटे आबा त्याच्याखालची पाच फुलं वेचायचे, पंचशीलाची पाच, आणि बुद्धमूर्तीपुढे ठेवून वंदना म्हणायचे. फूल तोडायचं मात्र नाही. सात-आठ वर्षांचा असताना मी एकदा उडी मारून एक तोडलं आणि त्यांना नेऊन दिलं. त्यांनी ते बोटांत धरलं, देठाचा पांढरा चीक मला दाखवला. "दिलं होतं का तुले?" "कोणी?" "झाडानं. त्यानं दिलं असतं तर हे आलं नसतं." गळलेल्या फुलाचा देठ कोरडा असतो, तोडलेल्याला चीक येतो. न दिलेलं घ्यायचं नाही, हे शील मी असं शिकलो. शेजारचे काका कुंपणावरून म्हणायचे, "अहो आबा, फुलं पडायची वाट बघत बसता, तोवर देव उपाशी!" आबा मान वर न करता सांगायचे, "आमच्याकडं बुद्ध हायेत. त्याइले घाई नाही." साठ-पासष्ट वर्षं पुण्यात काढूनही त्यांनी बोली सोडली नाही.

आता जे लिहायचं त्यासाठी हे लिहायला बसलो. गेल्या उन्हाळ्यात आबा न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि अकरा दिवस दवाखान्यात होते. डोळे आधीच जवळजवळ गेलेले. डॉक्टरांनी सांगितलं की आता ते अंथरुणातून उठणार नाहीत. गाडी तेव्हा रस्त्यावर उभी राहायची, वर्षात दोनदा आरसा फुटला होता. मी टेप घेऊन मोजलं. गाडी तेरा फूट, जागा सतरा फूट, मध्ये फक्त झाड. झाड तोडायच्या पालिकेच्या अर्जात 'फांद्या धोकादायक' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण कारणही ते नव्हतं. परवानगी रीतसर मिळाली. ज्यांचं झाड होतं त्यांना तेवढं विचारलं नाही. बाराव्या दिवशी आबा घरी आले तेव्हा तिथे फरशी बसलेली होती. स्ट्रेचर तिच्यावरूनच आत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, "चाफ्याचं कसं?" मी म्हणालो, "बरं आहे, आबा." "फुलतो?" "भरपूर." आणि पाच फुलांची ताटली त्यांच्या हातात दिली. मागच्या गल्लीत कुणाच्या तरी भिंतीवरून चाफ्याच्या फांद्या बाहेर येतात. खाली पडलेली फुलं झाडूवाल्या बाई मी पोचायच्या आधीच लोटून नेत, म्हणून मी तोडून आणत असे. आबांनी एक फूल उचललं, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली... बराच वेळ. मग म्हणाले, "ठेव इथं. मी वाहतो." मी कामावर गेलो. संध्याकाळी उशाशी स्टुलावरच्या मूर्तीपुढे फुलं नव्हती. मला वाटलं सुनंदानं उचलली. तिला वाटायचं मी उचलतो. आबा जाईपर्यंतचे अडुसष्ट दिवस आम्ही एकमेकांना हे विचारलं नाही.

या दिवसांत ते चाफ्याबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत. एकदा मी गाडी आत घेऊन बंद केली आणि त्यांच्या खोलीत आलो. इंजिन त्यांच्या खिडकीखालीच बंद झालं होतं. "गाडी आत लावतं का आता?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणालो. जरा थांबून ते म्हणाले, "मंग बरं. आरसा फुटाचा नाही." मला बोलायला जागा होती. मी पंखा वाढवला आणि बाहेर आलो. आणखी एक सकाळ आठवते. झाडूवाल्या बाई सुटीवर होत्या, फुलं खाली तशीच पडली होती, म्हणून मी सहज पाच वेचून आणली. आबांनी बोटं फिरवली आणि म्हणाले, "आजची चांगली हायेत." मला ते नेहमीचं कौतुक वाटलं.

ते गेल्यावर सहाव्या दिवशी मी खोली आवरली. पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत, त्यांचा डावा हात पोचेल अशा ठिकाणी, बियांचा जुना पत्र्याचा डबा होता. झाकण घट्ट होतं. आत चाफ्याची फुलं होती. तपकिरी, कागदासारखी वाळलेली, काही एकमेकांना चिकटलेली. मी ती वर्तमानपत्रावर ओतून मोजली. मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. तीनशे पस्तीस. पुन्हा मोजली, तेवढीच. अडुसष्ट दिवसांची पाचप्रमाणे तीनशे चाळीस व्हायला हवी होती. पाच कमी होती. ती कोणत्या सकाळची, ते कळायला मला वेळ लागला नाही. तेवढा एकच दिवस त्यांनी फुलं वाहिली होती; ती मूर्तीपुढून उचलल्याचं सुनंदाला आठवलं. बाकी सदुसष्ट दिवस मूर्तीपुढे काही नव्हतं, आणि माणूस फुलांशिवाय वंदना म्हणत होता. एकदाही मला खोटं पाडलं नाही. पाचांतली दोन शीलं, न दिलेलं न घेण्याचं आणि खोटं न बोलण्याचं, मी रोज सकाळी त्यांच्या हातात मोडून देत होतो, आणि ते ती झाकण लावून ठेवत होते. मला वाचवायला, की मला कळावं म्हणून... हे आता कोणाला विचारणार?

गाडी मी परत रस्त्यावर लावतो. त्यानं काही भरून येत नाही, फरशीही तशीच आहे. डबा त्याच फटीत ठेवला आहे. सकाळी पावणेसहाला, झाडूवाल्या बाईंच्या आधी, मागच्या गल्लीत जातो. खाली पडलेली असतील तेवढीच उचलतो, कधी पाच, कधी दोन. परवा एकही नव्हतं, रिकाम्या हातानं आलो. घरात शिरण्याआधी फाटकापाशी थांबतो आणि अंगठा तर्जनीवर घासून बघतो. कोरडा असतो. तरी रोज बघतो.