कुकारा जिथे पोचत नाही

मला बोलणं जमत नाही. वर्गात जमतं, कारण तिथे पुस्तकातलं बोलायचं असतं. स्वतःचं काही सांगायची वेळ आली की घसा बसतो. ही एक गोष्ट मात्र मी सांगून टाकली. त्या दिवसापासून मी जरा माणसात आलोय, असं घरचे म्हणतात. म्हणून लिहितोय.

मी पेणला राहतो, तिथल्याच शाळेत शिकवतो. गाव आमचं नागोठण्याहून रोह्याकडे जाताना आत वळावं लागतं तिथलं, डोंगराच्या पायथ्याशी. वाटणीत घर दादाकडे राहिलं, शेती अर्धीअर्धी झाली आणि घरामागचा माळ माझ्या वाट्याला आला. पावसाळ्यात गुरांना थोडं गवत, बाकी नुसते दगड. गावात मला ‘दगडांचे खोत’ म्हणत. मी हसायचो, पण लागायचं.

तर अशा माळावर एक तरुण इंजिनीयर चढला, त्याने चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाला, ‘‘सर, तुमच्या जागेला वारा फार सुंदर आहे.’’

माझ्या माळाला कुणी सुंदर म्हटल्याची ती पहिलीच वेळ. मी विरघळलो. त्याच्या कंपनीला तिथे पवनचक्की उभारायची होती. गावात तिला पहिल्या दिवसापासून सगळे पंखाच म्हणायला लागले.

प्रश्न एकच होता: घरांपासून किती लांब? माळाच्या खाली गावातलं शेवटचं घर आमच्या दादाचंच. दादा नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत शिफ्टला जातो. नाईट करून येतो आणि दिवसा झोपतो. त्याची झोप सांभाळणं हे वहिनीचं अर्धं आयुष्य. तो झोपला की ती कोंबड्यांनासुद्धा दटावते. त्यामुळे पंखा कुठे, यावर दादाची झोप ठरणार होती.

देवळासमोर बैठक झाली. इंजिनीयरने नियमातलं अंतर मीटरमध्ये सांगितलं. ‘‘ते तर आम्ही पाळूच,’’ तो म्हणाला, ‘‘त्यापुढे गाव म्हणेल तसं.’’

एक म्हातारे उठले. ‘‘मीटर तुमचा तुमाला ऱ्हाऊ दे. आमचं माप कुकारा. जिथून माणसाचा कुकारा घरात पोचत नाय, तिथं काय तो पंखा बसवा.’’

कुकारा म्हणजे लांब सूर काढून मारलेली हाक. वालाच्या शेंगा भरल्या की शेतात डुक्कर उतरतं. राखणीला बसलेला माणूस डोंगरातून कुकारा घालतो आणि घरून उलटा कुकारा येतो. हातात मोबाईल आले तरी आमच्याकडे हे सुटलेलं नाही. माणसाचा गळा आणि पंख्याचा आवाज यांचं गणित जुळत नाही, हे इंजिनीयरलाही कळत होतं, मलाही. पण बाकी सगळ्यांना ते पटलं. इंजिनीयर हसून म्हणाला, ‘‘चालेल की.’’

ठरलं असं. ओट्यावर वहिनी बसणार, कारण तिच्याइतके तिखट कान गावात कुणाचे नाहीत. तिला ऐकू आलं तर ती उलट कुकारा घालणार. तिचा कुकारा म्हणजे, दादाच्या शब्दांत, ‘‘रोह्याला सुटलेली गाडी थांबेल!’’ आणि वर जाऊन कुकारा घालायचा कुणी? ‘‘जागेच्या मालकानं. मास्तर हाय, पोरांवर ओरडून गळा तयार असंल.’’

पोरांवर मी कधीच ओरडत नाही. पण हे सांगायलासुद्धा तोंड उघडावं लागलं असतं.

दिवाळीनंतर, भात झोडून झाल्यावर, एका सकाळी मी आणि इंजिनीयर वर गेलो. नियमाचं अंतर संपत होतं ते माझ्या माळावरच. त्यापुढे माझी एक चिंचोळी पट्टी, आणि तिच्या पलीकडे उंचवट्यावर गावाची गुरचरण. म्हणजे पंखा थोडा जरी मागे सरकला, तरी माझ्या हातून गेला.

खाली दादाच्या घराची कौलं दिसत होती. दोरीवरचं लुगडंसुद्धा दिसत होतं. मी तोंडाभोवती हात धरले आणि कुकारा घातला.

घातला म्हणजे काय, समोरच्या करवंदीच्या जाळीतला पक्षीसुद्धा उडाला नाही.

‘‘जोरात द्या ना, सर.’’

मी पुन्हा हात धरले, मान वर केली, गळ्याच्या शिरा ताणल्या. आवाज मात्र तेवढाच. खालून उत्तर आलं नाही. इंजिनीयरने त्या जागी खुंटी ठोकली, चुना टाकला.

इतके दिवस मी स्वतःला सांगत होतो की मी लाजलो. निम्मं खरंही आहे, परक्यासमोर बोंब मारायची मला लाज वाटली. पण दुसरा कुकारा मी मुद्दाम गिळला. मला तो पंखा माझ्या दगडांवर हवा होता. भाडं नको होतं असं मी म्हणणार नाही. पण त्याहून जास्त मला हवं होतं ते रस्त्याने जाणाऱ्याने मान वर करून विचारणं, ‘ही जागा कुणाची?’ आणि तिचा आवाज कसा असतो, हे मला माहीत होतं. शाळेच्या सहलीत घाटावर मी असल्या चक्कीखाली उभा राहिलो होतो. दगडावर धुणं आपटावं तसा तिचा आवाज, एका लयीत, न थांबणारा. बघायला आलेल्याला गंमत वाटते. उशीवर डोकं ठेवलेल्याला वाटणार नाही.

खाली आलो तर वहिनीने घावणे केले होते. ‘‘बरं झालं हो भावजी, तुमच्याच जागंत बसला.’’ तिचा आनंद खरा होता. मी अर्धा घावणा ताटातच ठेवून उठलो.

दोन महिने पेणमध्ये मी झोपलो नाही म्हणा ना. दादाची झोप मी घेतली होती आणि माझीही गेली होती. ग्रामसभेत खुंटीची जागा पक्की व्हायची होती. तिच्या आदल्या रविवारी दादाने वालाच्या शेंगांच्या पोपटीला बोलावलं.

संध्याकाळी शेतातच मडकं भरलं. तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी, वर पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवून दादाने भोवती पेंढा पेटवला. जाळाकडे बघत बोलायचं असलं की कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. मी म्हणालो, ‘‘वहिनी, त्या दिवशी मी कुकारा घातलाच नाही.’’

‘‘म्हंजी?’’

‘‘पुटपुटलो. मुद्दाम. पंखा माझ्या जागेत यावा म्हणून.’’

दादाच्या हातातली काठी थांबली.  आता वहिनी रडणार किंवा उठून जाणार, असं मला वाटलं. ती ओरडली, ‘‘अवो, मी म्हणते माजे कान गेले!’’

‘‘काय?’’

‘‘एवढ्या जवळनं काय ऐकू येत नाय म्हंजी मी भैरी झाले, असं धरून बसले ना मी! कुनाला सांगू? मंगळवारी पेणला तुमच्याकडंच येनार व्हते, कानाच्या डाक्टरकडं जायाला!’’

दादा हसायला लागला तो पोट धरूनच. ‘‘तरीच गो! दोन महिने टीव्ही एवढा मोठा लावतेस! माझी झोप पंखा यायच्या आधीच गेली!’’

‘‘तुमी गप ऱ्हावा. आनि भावजी, तुमी...’’ तिने गरम शेंगांची मूठ माझ्या हातावर आपटली. ‘‘दगडांचे खोत! दगडच हाव तुमी!’’

हात भाजला. मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. धुराचं म्हणायला सोय होती, पण आता कशाला खोटं बोलू.

ग्रामसभेत मी उभं राहून सगळं सांगितलं. आवाज कापत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. शिव्या बसल्या, त्याहून जास्त हशा झाला. म्हातारे म्हणाले, ‘‘आता माप उलटं घ्या. याची वहिनी वर जाईल. हा ओट्यावर बसेल नि ऐकू आलं की उत्तर देईल. गळा काढून!’’

पुढच्या सकाळी अर्धा गाव दादाच्या ओट्यासमोरच्या खळ्यात आणि उरलेला वहिनीच्या मागे डोंगरावर. चुन्याच्या खुणेवरून तिने पहिला कुकारा घातला. तो खळ्यात असा उतरला की कोंबड्या पांगल्या. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि जन्मात पहिल्यांदा ओरडलो. आवाज डोंगराला आपटून परत आला. तो माझा होता यावर माझाच विश्वास बसेना.

बायकांनी टाळ्या पिटल्या. ‘‘मास्तरांना गळा हाय गो!’’

वहिनी वर आणखी मागे सरकली. पुन्हा कुकारा, पुन्हा मी. माझी चिंचोळी पट्टी ती ओलांडताना मला दिसली. तिथूनही आवाज स्वच्छ आला. मीही कसर ठेवली नाही, उलट दोनदा ओरडलो. गुरचरणीच्या उंचवट्यावरून बारीक आला. मी उत्तर दिलं. मग ती पलीकडच्या उतारावर दिसेनाशी झाली.

खळ्यात कुणी हलेना. मी कानामागे हात धरला. नुसता वारा. पंखा माझ्या माळावरून गेला होता, आणि मला नाचावंसं वाटत होतं. पण ओरडायचं नव्हतं, ओरडलो असतो तर माप चुकलं असतं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून उभा राहिलो.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. नाईट करून आलेला दादा लुंगी सावरत बाहेर आला. केस उभे, डोळे लाल.

‘‘कोन रं बोंबलतोय सकाळपासून? माणसानं झोपायचं का नाय?’’

खळ्यातल्या सगळ्या बोटांनी माझ्याकडे दाखवलं. त्याने मला खालून वर बघितलं, जांभई दिली आणि म्हणाला, ‘‘तू? हॅ!’’ आणि आत जाऊन परत झोपला.