ताट वाजवून काय कळतं?

माझ्या भावाची मुलगी साडेपाच वर्षांची झाली, तरी दोन शब्द जोडताना अडखळायची. शेजारच्या काकू तोंडावर म्हणायच्या, "लाडानं बिघडलीया. एक ठेवून द्या, बोलती का न्हाय बघा."

काकूंचं सोडा. मी काय केलं ते आधी लिहिते. मुलांच्या आरोग्यावरची पत्रकं मी इचलकरंजीच्या गल्ल्यांत वाटत फिरत होते. त्यात माझीच एक ओळ होती: 'मुलाच्या पाठीमागं ताट वाजवा. वळलं तर कान ठीक.' आमच्या पोरीमागंही मी ताट वाजवलं. ती चटकन वळली. मग निकालही मीच दिला: ऐकू येतंय, हट्टी आहे.

कोल्हापूरच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी तपासून सांगितलं, "आवाज पोचतो हिला. पण भराभर बोललं की शब्दातले आवाज वेगळे काढता येत नाहीत. गोंगाटात तर सगळ्याचा लगदा होतो. घरात कुणाचं बोलणं कळतं?"

"आज्ज्याचं," वहिनी म्हणाली.

आज्जा म्हणजे माझे वडील. जन्म यंत्रमागावर कापड विणण्यात गेला. शेडच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो. माणूस आधी खांद्याला हात लावतो, समोर येतो, ओठ ठळक हलवून थोडकंच बोलतो. काम सुटलं तरी वडील घरात तसेच बोलायचे. मी चिडवायचे, "आप्पा, माग बंद झालाय की!"

"सगळ्यांनी तसंच बोला," हे सगळं ऐकून उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या.

पहिलीच्या प्रवेशाला गेलो, तर मुख्याध्यापिका कागदात मान घालून भराभर विचारत सुटल्या. पोरगी गप्प. "मंद वाटते. अजून वर्षभर बालवाडीत राहू दे."

डोकंच फिरलं माझं. भांडायला तोंड उघडलं, तोवर वडील उठले.

"बाई, पोरीकडं बघा तरी. समोर बघून, सावकाश इचारा की."

मुख्याध्यापिकाबाईंनी पेन खाली ठेवलं, पोरीसमोर वाकल्या. "घरी... कोण आहे?"

तिनं बाईंच्या ओठांकडं नीट बघितलं. मग पोरगी म्हणाली, "आज्जा हाय. आई हाय." माझ्याकडं बोट केलं. "आत्ती वरडती."

बाई हसल्या आणि पहिल्या बाकावर बसवायचं कबूल केलं.

घरी येऊन उरलेल्या पत्रकांवरची ताटाची ओळ मी एकेक करून खोडली. वाटून झालेली पत्रकं ज्या घरांत गेली, त्या दारांत आता परत उभी राहते, ती ओळ चुकीची होती, मूल नीट तपासून घ्या, असं सांगते. आणि ओरडत नाही.