स्वर्गारोहणाच्या गुरुवारी वर गेलेला हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, चर्चच्या पाळकांना नाही. प्रार्थनेत देवालासुद्धा धड नाही — त्याला ठाऊकच आहे म्हणायचं आणि पुढं सरकायचं. तुम्हाला सांगते.

आमचं गाव चौसाळ्याकडचं. ख्रिस्ती घरं मोजकीच. त्या दुष्काळात विहिरींचा तळ दिसला, तेव्हा आमच्या दूध सोसायटीनं जनावरांची छावणी चालवली. सोसायटीच्या मंडळात बाईची एक जागा होती, तिथं मी. प्राथमिक शाळा शिकलेली. मला निवडून कुणी आणलं? शेजारच्या शांतानं. ती बौद्ध, विधवा, तोंडाची फटकळ. माझ्यासाठी घरोघर फिरली — "आपली एक बाई तरी आत असू द्या की!"

छावणीत कडबा कमी घालतात, हे शांतानं तपासणीला आलेल्या साहेबाला तोंडावर सांगितलं. चेअरमनला ते झोंबलं. त्यानं मंडळाची बैठक बोलावली. ती आली नेमकी स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, प्रभू येशू स्वर्गात गेला त्या सणाला.

सकाळी मी उपासनेला होते. पाळक म्हणाले, प्रभू वर गेला तो आपल्याला सोडून नव्हे, राज्य करायला गेला. त्याच्या वर कुणी नाही — सरकार नाही, पुढारी नाही. मग त्याच्या माणसानं खाली कुणाला का भ्यावं? आणि जाताना त्याचे हात आशीर्वादासाठी उचललेले होते. मी आमेन म्हटलं. चांगलं मोठ्यानं.

दुपारी बैठक. शांताची म्हैस छावणीतून काढायची — कोण कोण तयार? चेअरमननं माझ्याकडं बघितलं. आमची गाय तिथंच दावणीला होती. आमचं चर्च त्याच्याच जागेत उभं. पण ही कारणं मी नंतर गोळा केली. त्या वेळी नुसती भीती होती. सगळ्यांचे हात वर झाले. माझाही झाला.

सकाळी ज्याला राजा म्हटलं, तो दुपारी कुठं गेला होता? कुठंच नाही. मीच त्याला लांब धाडला — वर, तिथून काही दिसणार नाही इतका वर.

सांजेला शांता म्हैस घेऊन दारात आली.

"काय गं, तू न्हवतीस का तिथं?"

"न्हाई. आमचा सण हुता. चर्चमधी होते."

"तरीच! तू असतीस तर भांडली असतीस त्या मुडद्यांशी."

म्हैस चाऱ्यावाचून बसली ती उठली नाही. शांता दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जाऊ लागली.

मी त्या दिवशी चर्चमध्ये होते, असं शांता गावभर सांगत होती; ते कानावर आल्यावर चेअरमन मला हसून म्हणाला, "ताई, आपलं आपल्यात हाय." त्यानंतर तो म्हणेल तिथं माझा हात वर गेला. काय करणार होते? नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

दरसाल त्या गुरुवारी शांता चर्चला येते. "तुज्या देवानं त्या दिशी तुला पापातून वाचवलं, मला बी बघू दे त्याला," म्हणते आणि माझ्या शेजारी बसते. शेवटच्या गीताला सगळ्या बाया हात वर करतात. आता शांताही करते. माझा उजवा पदराखाली असतो.

"खांदा लई दुखतो का गं?" ती हळूच विचारते.

मी हो म्हणते.

खांदा दुखत नाही.