छावणीबाहेरची खोली

"तुमचा स्प्युटम पॉझिटिव्ह आहे," डॉक्टर म्हणाले. स्प्युटम म्हणजे खोकून काढलेला बेडका. त्यात क्षयाचे जंतू सापडले होते. "आणि हा ड्रग-रेझिस्टंट आहे. नेहमीच्या गोळ्यांतली मुख्य गोळी याच्यावर चालत नाही. दुसरी औषधं आहेत, माणूस बरा होतो. पण कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत घरात वेगळं राहायचं."

कल्चर म्हणजे बेडक्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढतात का ते पाहणं. ते मी विचारून घेतलं. शब्द कळल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

संध्याकाळचा बारीक ताप आणि खोकला मी कल्याणच्या धुळीच्या नावावर टाकला होता. आठ किलो वजन उतरलं, तेव्हा कुठे तपासणीला गेले.

मागची खोली माझी झाली. खिडकी खालच्या पार्किंगवर उघडते. माझे मिस्टर दाराबाहेर ताट ठेवून मागे सरायचे. तसंच सांगितलेलं होतं, तरी ते बघवायचं नाही.

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मी दर वर्षी क्रमाने वाचते. तेव्हा त्यातलं चौथं, गणना, चालू होतं. हे पुस्तक पुष्कळांना कंटाळवाणं वाटतं. मला आवडतं, त्यात नावं आणि आकडे आहेत. पण पाचव्या अध्यायाशी मी अडले. इस्राएल लोक तेव्हा रानात तंबूंच्या छावणीत राहत होते. ज्यांच्या अंगावर कोड, म्हणजे कुष्ठ, आहे त्यांना छावणीबाहेर काढा, कारण छावणीत देव राहतो, अशी तिथे आज्ञा आहे. आधी मी ती स्वच्छतेचा नियम म्हणून वाचायची. त्या खोलीत ती माझ्याबद्दल वाटली. देव लोकांच्या मधोमध, आणि मी बाहेर.

चर्चच्या मंडळीतल्या कोणीही येऊ नये, बुधवारची प्रार्थना आमच्याकडे नको, असा निरोप मी पाठवला. गोळ्यांनी मळमळायचं. ताटं परत जाऊ लागली.

"गोळ्या आम्ही देऊ, खायचं तुम्हाला आहे," पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले. "वजन असंच उतरत गेलं तर औषध सोसणार नाही. मग माझ्या हातात फार काही राहणार नाही."

शेजारच्या कांबळेवहिनींनी हे मिस्टरांकडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी मास्क लावून त्या दाराबाहेर उभ्या. "आमच्या धम्मात देव नाही, म्हणून देवाचं तुम्ही बघा. अंड्यांचं मी बघते. दोन उकडलीत. संपल्याशिवाय मी इथून हलत नाही, आणि माझे गुडघे दुखतात."

अंडी खाल्ली. मग पेन्सिल घेऊन शास्त्रात मागे गेले, लेवीय या पुस्तकापर्यंत. तिथे चौदाव्या अध्यायात लिहिलंय की रोग्याला पाहायला याजकाने, म्हणजे पुरोहिताने, छावणीबाहेर जावं. आजाऱ्याला आत येता येत नाही, म्हणून आतल्याने बाहेर जायचं. अजून मागे, निर्गमाच्या पुस्तकात, लोकांनी सोन्याचं वासरू पुजल्यावर त्यांचा पुढारी मोशे याने दर्शनमंडपाचा तंबू छावणीपासून दूर उभारला. देवाला भेटायचं असेल त्याने बाहेर यायचं. आणि शुभवर्तमानात येशू कुष्ठरोग्याला नुसतं बरं करत नाही, आधी हात लावतो. इब्री लोकांस पत्र लिहिणारा तर म्हणतो, येशू मेलाच वेशीबाहेर, आपणही तिकडे जाऊ या.

मी एका वचनावर सगळी बेरीज करून बसले होते. बाकीच्या रकमा घेतल्याच नव्हत्या.

त्या बुधवारी खालून आवाज आला, "बाई, सलाम!" आमच्या चर्चचे पाळकसाहेब आणि अकरा माणसं पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसली होती. पाळकसाहेब चौकशीला फाटकाशी आले होते, तेव्हा वहिनींनीच त्यांना ही जागा दाखवली होती.

"मोकळ्या हवेत धोका नाही, डॉक्टरांना विचारून आलोय," पाळकसाहेब ओरडले.

"वर काही पोचत नाहीये, जरा जोरात गा!" वहिनी गॅलरीतून म्हणाल्या. "एरवी रविवारी झोपू देत नाही तुम्ही."

गाणं अर्ध्यात असताना तळमजल्यावरच्या काकांना स्कूटर काढायची होती. सगळे उठले, सरकले, पुन्हा बसले. मी खिडकीशी हसत होते, रडतही होते. त्या रात्री ताट रिकामं बाहेर गेलं.

पुढचे महिने सोपे नव्हते. गोळ्यांनी पायांची आग व्हायची, तोंडाला चव नसायची. पण वजन वाढू लागलं आणि कल्चर निगेटिव्ह आलं. "आता घरात मिसळा," डॉक्टर म्हणाले. "पण गोळ्या शेवटपर्यंत. बरं वाटतंय म्हणून सोडणारे पुन्हा येतात."

तुमच्यावर ही वेळ आली तर वेगळं राहा. त्यात घरच्यांवरची माया आहे. पण देव भिंतीच्या पलीकडे राहिला असं समजू नका. शास्त्र पूर्ण वाचलं तर तो फार वेळा बाहेरच सापडतो. ज्यांनी मला अंडी दिली, गाणी दिली, त्यांचे आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत.

गेल्या महिन्यात औषध आणायला गेले तेव्हा दवाखान्याच्या आवारात शहाडची एक बाई सगळ्यांपासून लांब, एकटीच बाकावर बसली होती. मी तिकडे वळले तशी ती म्हणाली, "ताई, लांब बसा. माझं पॉझिटिव्ह आलंय."

"मास्क आहे ना दोघींना? वर आभाळही आहे," मी म्हटलं. "सरका जरा."

ती सरकली.